विशाखापट्टणला जाऊन आले

१८ मार्च १९४२, कारंजा

सैफुद्दीनभाई आज शाळेच्या फाटकाशी आले. आत येईनात. टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, "बाई, बुरा नोका मानू. तुमचा जगदेवराव जिता आहे."

जिता आहे!

तेलबियांच्या सौद्यासाठी ते विशाखापट्टणला गेले होते. बंदराजवळ एका हॉटेलात चहा घेत बसले. चहूकडे तेलुगू, एक अक्षर कळेना. आणि भट्टीजवळचा माणूस आचाऱ्यावर ओरडला — "काहून रे, हात नाही चालत तुहा?"

"आपली बोली, बाई! वळून पाह्यलं तं जगदेवराव. मले पाहून आतच निघून गेला."

हे घरातून निघून गेल्यापासून अकरा वर्षं मी कुंकू लावते आहे. कोणाच्या नावाचं, हे विचारायचं मी सोडलं होतं.

१९ मार्च

सासूबाईंना सांगितलं. त्या बोटांनी चाचपून तूर निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "जाय. पाहून ये."

"घेऊन येऊ?"

"पाहून ये म्हनलं ना."

२१ मार्च

इंझोरीला माहेरी जाऊन आले. वहिनी म्हणाली, "आता कायले उकरता बाई? नोकरी आहे, घर आहे." खरं आहे. नोकरी आहे, घर आहे.

२६ मार्च, गाडीत

सैफुद्दीनभाईंच्या बायकोचं, अमीनाबीचं माहेर विशाखापट्टणलाच. दोघं तिच्या भावाकडे निघाले, म्हणून माझं जमलं. शाळेतून रजा मिळाली — कारण 'नातेवाईक आजारी' असं दिलं.

भाकरी, चटणी वेगळी बांधून घेतली होती. अमीनाबी हसली. "माह्या हातचं खाऊ नोको, पाणी तं पी!" प्यायले. नागपूरच्या पुढे कोण पाहतंय?

२७ मार्च

रायपूर मागे पडलं आणि डोंगर सुरू झाले. आपल्याकडचा डोंगर म्हणजे जमिनीला आलेली सूज. हे तसे नाहीत. एकाच्या मागे एक, निळे, मग त्याहून फिके निळे. डब्यातल्या बायका बोटं दाखवत होत्या. मलाही कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. अमीनाबी झोपली होती.

२९ मार्च, विशाखापट्टण

समुद्र पाहिला.

मला वाटलं होतं कारंजाच्या ऋषी तलावासारखा असेल, फक्त मोठा. नाही! तलाव जागेवर असतो. हा सारखा येतो. एक अख्खा डोंगर त्याच्यात तोंड खुपसून बसला आहे, तरी त्याला पर्वा नाही. पायाखालची वाळू ओढून नेली तशी मी घाबरून मागे सरले. अमीनाबी म्हणाली, "पहिल्या बारीले असंच होते."

आणि शहर! बाया केसांत इतकी फुलं माळतात की गल्लीलाच वास. गोरे शिपाई, लॉऱ्या, मासळीच्या पाट्या, नारळ, भांडणं, हसणं. दिव्यांना मात्र काळे कागद लावले आहेत — जपानच्या भीतीनं. तरी बाजारात कोणी घाबरलेलं दिसलं नाही. एवढ्या माणसांत मला ओळखणारं एक माणूस आहे. त्याच्याकडे जायचं पाऊल उचलत नाही.

३१ मार्च

हॉटेलासमोर उभी राहिले. परत आले.

२ एप्रिल

आज गेले. सैफुद्दीनभाई बाहेर थांबले.

वाळले आहेत. कानाशी केस पांढरे. मला पाहून हातातला पेला पुसतच राहिले.

"कस्तुरा?" मग म्हणाले, "बस." जशी मी शेजारच्या गल्लीतून आले होते!

किती वर्षं मनात भांडणं रचली होती. एकही आठवेना. एवढंच विचारलं, "काहून गेले होते?"

"नाही सांगता येत. भांडन नव्हतं. तुहा काही गुन्हा नव्हता. एक दिवस गाडीत बसलो. मंग उतरावंसंच नाही वाटलं."

बस्स. एवढंच. निदान माझा काही गुन्हा निघाला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आतून एक मुलगी धावत आली. पाच-सहा वर्षांची. हे ओरडले, "गोजरे, पडशीन!"

गोजरा. स्वतःच्या आईचं नाव ठेवलं आहे. इथं, समुद्राच्या काठी, एकटेच ते नाव हाकारत असतात.

मुलीच्या मागे तिची आई आली. माझ्या कुंकवाकडे पाहिलं. मग यांच्याकडे.

"माय कशी आहे?" यांनी विचारलं.

"डोळे गेल्यातच जमा. चाला तिच्यासाठी. मंग इकडं परत या पाहिजे तं."

"नाही."

४ एप्रिल

ती इथं, अमीनाबीच्या भावाच्या घरी आली! एकटी, मुलीला घेऊन, ताडगोळे पानात बांधून. नाव अप्पलम्मा. अमीनाबीनं दार उघडलं आणि आत निघून गेली, दोघींना बोलता यावं म्हणून.

आमची भाषा एक नाही असं मी धरून चालले होते. तर ती म्हणाली, "मले नाही माहीत होतं. देवाची आन, मले नाही माहीत."

'मले'! त्यांच्याकडूनच शिकली. तेलुगू तोंडातून आपली बोली ऐकून मला हसू आलं, मग रडू. तिचा राग करायला मी इतक्या लांब आले होते. तिनं ताडगोळा सोलून माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. गार होता.

५ एप्रिल

काम झालं. पाहून झालं. सासूबाईंना काय सांगू?

६ एप्रिल

विमानं. आधी वाटलं आपलीच. गल्लीतली मुलं टाळ्या पिटत होती. मग बंदराकडून दणके — भिंत हलली, फळीवरची भांडी पडली. अमीनाबी कलमा पुटपुटत होती, मी रामरक्षा, दोघी एका खाटेखाली.

बंदरावर काळा धूर. लोक आत्ताच निघाले आहेत. गाड्या, गाठोडी, म्हाताऱ्या पाठीवर.

७ एप्रिल, गाडीत

स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. सैफुद्दीनभाईंनी आम्हाला बायकांच्या डब्यात अक्षरशः कोंबलं.

गाडी हलायच्या बेतात खिडकीशी अप्पलम्मा. काखेत मुलगी. मागे हे, डोक्यावर ट्रंक. डब्याच्या दारात तर माणसं लोंबत होती. तिनं मुलीलाच वर उचललं आणि खिडकीतून माझ्या अंगावर दिलं. "तुमी घ्या! तुमी घ्या!"

मी घेतलं.

"आमी मागच्या गाडीनं येतो," हे ओरडले. "कारंज्याले!"

मुलगी रडली नाही. माझा पदर मुठीत धरून बसली आहे. कढ येतो आहे तो मलाच.

११ एप्रिल, कारंजा

सासूबाईंनी तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. कपाळ, नाक, हनुवटी. "नाव काय वं माय तुहं?"

"गोजरा."

सासूबाई उठून आत गेल्या. आल्या त्या हातात गुळाचा खडा घेऊन.

१२ एप्रिल

सासूबाईंना सांगितलं — दोघं येणार आहेत म्हणून.

१६ एप्रिल

रोज स्टेशनवर जाते. मुलगी बरोबर. गाडी येते, चार माणसं उतरतात, गाडी जाते. शेजारची कमलीबाई आज तोंडावर म्हणाली, "सवतीची पोर सांभाळून राह्यली! धन्य आहे वं बाई तू!" पोर मला अजून कशीच हाक मारत नाही. पदर ओढते.

१९ एप्रिल

मागची खोली सारवली. नवरा-बायको तिथं राहतील. मुलगी आजीजवळ निजते.

सारवता सारवता मनात आलं — मग मी कुठं? त्यांचं चौघांचं घर होईल. आई, मुलगा, सून, नात. आजवर एकटी होते, पण घरातली होते. हात शेणात तसाच ठेवून बसून राहिले.

२३ एप्रिल

संध्याकाळच्या गाडीनं अप्पलम्मा उतरली. एकटी.

काही दिवस तिच्या गावी राहून दोघं निघाले होते. रायपूरला जगदेव पाणी आणायला उतरला. गाडी सुटली, तो चढला नाही. ती पुढच्या स्टेशनावर उतरली, मागे गेली, फलाटावर बसून राहिली. मग 'कारंजा, कारंजा' विचारत आली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तिच्या पायांवर स्वतः पाणी घातलं. मग मला म्हणाल्या, "आता कोनाची वाट नाही पाहाची. दार लाव, पोरी."

लावलं. आम्ही चौघी आत.