मानेवरचा मळ

४ सप्टेंबर
उद्या शाळेत फोटो काढणार, आणि यारेत्झीची मान ही अशी काळीकुट्ट! किती सांगतेय तिला, नीट घासून अंघोळ कर म्हणून. नऊ वर्षांची घोडी झाली तरी मान धुता येत नाही. शेवटी मीच घासणी घेऊन बसले. सासूबाई बाहेरून ओरडल्या, ‘‘नुसत्या साबणानं काय होतंय? लिंबू चोळ!’’ चोळलं. पोर कळवळली – ‘‘आई, झोंबतंय गं!’’ मान लालबुंद झाली, काळं होतं तिथंच. लोक म्हणतील, आईचं लक्ष नाही.

१० सप्टेंबर
मळ नव्हता तो.

शाळेतल्या नर्सनं दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली, ओरखडे पाहिले. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बोटातून रक्त काढलं. म्हणाल्या, साखर चढायला लागलीय, त्यानं कातडी काळी पडते. अजून वेळ आहे. कोला-बिला बंद, आणि रोज घाम येईस्तोवर पळू दे. डिसेंबरात परत आणा.

सासरे साखरेनंच गेले. आधी अंगठा, मग पाय, मग ते. आणि मी लिंबू चोळत होते! झडले का नाहीत माझे हात!

११ सप्टेंबर
पळू दे म्हणे. कुठं? पार्क कोपऱ्याच्या पलीकडे. त्याच कोपऱ्यावर गेल्या वर्षी कणसाच्या गाडीवरच्या फिदेलकाकांना गोळी लागली, भरदुपारी. खालच्या अंगणात घरमालकाची पाटी – खेळू नये. शाळेतून आणलं की सासूबाई दाराला आतून साखळी लावतात. हुकूम माझाच. मी लाँड्रीतल्या कामावरून येईपर्यंत अंधार पडायला येतो. तिचा बाप रुतिलिओ दिवसभर लोकांची छपरं घालतो, घरी येऊन बूट काढता काढता झोपतो. ‘‘तूच ने ना तिला,’’ म्हणाला. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

२ ऑक्टोबर
सासूबाईंनी पुन्हा तिला गोड पाव दिला, वर दुधात बुडवून! मी हिसकावून घेतला. ‘‘पोर अंगानं भरलीय ते बघवत नाही तुला,’’ म्हणाल्या, ‘‘आमच्या गावात बारीक पोरं मरायची.’’ मी म्हटलं, ‘‘आणि तुमचा नवरा कशानं मेला?’’

बोलायला नको होतं. त्या जेवल्याच नाहीत. यारेत्झी टेबलाखाली जाऊन बसली होती.

१९ ऑक्टोबर
घरातच कुम्बियाचं गाणं लावलं. म्हटलं, नाचू दे. पोर काय हसली! सासूबाईपण कंबर हलवायला लागल्या. तेवढ्यात खालच्या म्हाताऱ्यानं झाडूच्या दांड्यानं छत बडवलं. धाड धाड धाड! गाणं बंद. यारेत्झी परत टॅबलेट घेऊन बसली. मी मोरीत जाऊन रडले.

६ नोव्हेंबर
जिन्यात चायो भेटली, वरच्या मजल्यावरची. ती आणि आणखी तिघी बाया रोज संध्याकाळी पोरांना मधे घेऊन पार्कात जातात. ‘‘अगं नेरेइदा, ये की! गोळीला काय तुझंच नाव माहितीय?’’ सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. वेड्या आहेत त्या. ह्यांच्यातलं एखादं पोर गेलं म्हणजे कळेल.

काय लिहिलं मी हे! देवा, माफ कर.

७ नोव्हेंबर
खिडकीतून यारेत्झी त्यांना जाताना बघते. काही मागत नाही. मागत नाही तेच जास्त लागतं.

११ डिसेंबर
वाढलीय.

पाव बंद, कोला बंद, तरी साखर वाढलीय! डॉक्टरीणबाईंनी पोरीलाच विचारलं, ‘‘बाळा, तू खेळतेस कुठं?’’ ती म्हणाली, ‘‘पलंगावर.’’ मान वर करायची लाज वाटली मला. आता असंच चाललं तर गोळ्या सुरू. बाहेर ठेवलं तर रस्ता खाणार, आत ठेवलं तर साखर. सांगा मला कुणीतरी, मी काय करू? उद्या ग्वादालुपे मातेचा दिवस. सासूबाईंनी मेणबत्ती लावली. मी नाही लावली. मागू तरी काय तिच्याकडे – रस्ता?

१४ डिसेंबर
केस वर बांधून भांडी घासत होते. मागे स्टूल ओढल्याचा आवाज आला. मानेवर यारेत्झीचं बोट.

‘‘आई, तुझ्यापण आहे. घासू नकोस हं. मळ नाहीये तो.’’

हात तसेच ओले घेऊन वर गेले, चायोचं दार वाजवलं. म्हटलं, थांबा, आम्ही दोघी येतोय पार्कात.