पाणी पाजलेला दगड

बाबा, पृथ्वीच्या पोटात काय आहे ते मी हल्ली छातीठोकपणे सांगते. तू असतास तर विचारलं असतंस, "जाऊन आलीस काय गं?" नाही गेले. कुणीच जात नाही. भूकंपाचे धक्के तेवढे कवचाखालच्या जाड थरातून, म्हणजे प्रावरणातून जाऊन येतात, त्यांचा वेग आपल्याला कळतो. मग प्रयोगशाळेत एकेका खनिजातून तसाच कंप किती वेगाने धावतो ते मोजायचं, खालचा दाब आणि उष्णता हिशेबात धरायची आणि कोणतं मिश्रण जुळतं ते पाहायचं. यावरच माझं पोट चालतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा तो रविवार. डोंबिवलीच्या घराच्या ओटीवर मी हिरव्या ऑलिव्हिन खनिजाने भरलेल्या दगडाचा गट्टू काचेवर घासत बसले आहे. त्यातला कंपाचा वेग फारच कमी आला होता. प्रावरण या खनिजाचं असूच शकत नाही, असा लेख लिहून तयार होता, बुधवारी पीएच.डी.च्या सरांना द्यायचा होता. मी जेवायला आत जाते. बाहेर येऊन पाहते तर गट्टू तांब्यातल्या पाण्यात!

"बाय, यो दगर बद्द वाजतंय. पानी पाजून बगतो," तू म्हणतोस.

शीळफाट्याच्या खाणीत मुकादम म्हणून तू जन्मभर हेच केलंस. दगड भिजवायचा, वरून सुकू द्यायचा. जिथे भेग असते तिथे ओलीची रेघ मागे राहते. मला हे ठाऊक होतं, तरी मी ओरडले. उसना आणलेला, भट्टीत मुद्दाम कोरडा केलेला नमुना होता तो. "तुला काय कळतं यातलं? ही तुझी खडी नाय!" तू खांद्यावरच्या टॉवेलाने गट्टू पुसलास, माझ्यापुढे ठेवलास आणि उठून गेलास.

सोमवारी रागारागाने तोच ओला दगड मोजला. वेग वाढला होता! खनिज तेच, फक्त भेगांत हवेच्या जागी पाणी. भेगांचा दोष मी खनिजाच्या माथी मारत होते. लेख फाडला. पुढे दाबयंत्रात भेगा मिटवून मोजलं, तेव्हा ऑलिव्हिन प्रावरणाच्या वरच्या भागाशी छान जुळलं. त्या कामावर माझं नाव झालं, उगाच विनय कशाला करू?

तुला मात्र काहीच सांगितलं नाही. त्यानंतर तू माझ्या वस्तूंना हात लावला नाहीस. चहासुद्धा माझ्या टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवायचास. मला दिसत होतं, वाईटही वाटत होतं. पोरीचा दगड आपण नासवला, असं समजूनच तू दोन वर्षांनी गेलास.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहिते. माझ्या प्रबंधात 'नमुना चुकून भिजला' असं वाक्य आहे. आभारात यंत्र दुरुस्त करणाऱ्याचंसुद्धा नाव आहे, तुझं नाही. विसरले नव्हते, बाबा. माझी चूक खाणीतल्या माणसाने पकडली, हे त्या शिकल्यासवरल्या लोकांत सांगायची मला लाज वाटली.