हृदयाला खिडकी नसते

३ जानेवारी

झालं! फॉर्म भरला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी बारावीच्या जीवशास्त्राला बसणार — एकच विषय, बाहेरून. हौस म्हणून नाही, गळ्याशी आलंय म्हणून. लॅबमध्ये नवा नियम: बारावीला जीवशास्त्र नसेल त्यानं रक्ताच्या नळीला हात लावायचा नाही. इतकी वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढतेय, ते कोणी विचारत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला वाईट वाटतं हो, पण जूनपर्यंत पास व्हा. नाहीतर बाहेर टोकन वाटायला बसावं लागेल." टोकनवाल्या बाईवर सगळे खेकसतात आणि ती सगळ्यांवर खेकसते. मी तर आत्ताच अर्धी खेकसणारी आहे.

गंमत म्हणजे लेकही यंदाच बारावीला. हे म्हणाले, "बघू, दोघींत पहिली कोण येतेय." यांचं काय जातंय म्हणायला!

५ जानेवारी

पहिला धडा वाचला. झोप लागली.

६ जानेवारी

तोच धडा. तीच झोप. सासूबाईंना झोप येत नाही म्हणून गोळ्या आणतो आपण. उगाच खर्च.

१४ जानेवारी

लेकीनं शिकवणी सुरू केली. मी तिला मास्तरीणबाई म्हणते. "आई, घोकू नकोस, समजून घे," म्हणाली. हेच मी तिला दुसरीत सांगायची. केलेलं फेडावं लागतं ते असं.

हृदय काही डोक्यात शिरेना. रक्त काढायला सांगा, नुसत्या बोटानं शीर सापडते मला. पण तेच रक्त हृदयात कुठून कुठे जातं विचारलं की दातखीळ बसते. मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग मोठा कागद घेतला, पट्टी घेतली आणि आमचं घर काढलं. म्हणाली, "बाहेरची खोली ही उजवी कर्णिका. दमलं-भागलं रक्त बाहेरून येतं ते इथे. तिथून माझी खोली, उजवी जवनिका. मग गॅलरी, म्हणजे फुप्फुसं. तिथे हवा खायची आणि परत आत यायचं, तुमच्या खोलीत. ती डावी कर्णिका. शेवटी स्वयंपाकघर, डावी जवनिका. तिची भिंत सगळ्यात जाड, कारण सगळ्यांना पुरवठा तिथूनच."

स्वयंपाकघराबद्दलचा शब्दन् शब्द मला पटला. कागदावर नावं मी घातली आणि तो बाहेरच्या खोलीत भिंतीला चिकटवला.

बाहेरच्या खोलीतून लेकीच्या खोलीत जायच्या दाराशी सासूबाईंची खाट असते. त्या झाल्या त्रिदली झडप. झडप रक्ताला पुढे सोडते, मागे फिरू देत नाही. सासूबाईंच्या तावडीतूनही चौकशी झाल्याशिवाय कोणी परत फिरलेलं नाही. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "काय म्हणायचं ते म्हण, पण पास हो बाई एकदाची."

२ फेब्रुवारी

रोज सकाळी घरभर फेरी. मी रक्त. हातात चहाचा कप, तोंडानं कर्णिका, जवनिका. आज हे दाराशी आडवे आले. "मी कोण?" विचारलं. म्हटलं, "गुठळी. सरका."

११ फेब्रुवारी

यांनी लेकीच्या नावाची पाटी कुठे लावायची ते ठरवलं. दाराच्या उजव्या अंगाला, 'डॉक्टर' मोठ्या अक्षरात. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. पण खरं सांगायचं तर मलाही गुदगुल्या झाल्या. जिथे मी टोकन वाटायला भिते, तिथे माझी मुलगी डॉक्टर होऊन बसेल! लेक म्हणाली, "बाबा, त्या भिंतीत ओल येते. पाटी टिकायची नाही." एवढंच. मग बराच वेळ भिंतीवर टिचक्या मारत बसली. अभ्यासाचा ताण, दुसरं काय.

२० फेब्रुवारी

मास्तरीणबाईंची करामत. भिंतीवरच्या कागदावर उजव्या कर्णिकेला खिडकी काढून ठेवली! म्हणाली, "इथे खिडकी हवी होती. आजीला उजेड मिळाला असता, वारा थेट गॅलरीपर्यंत गेला असता." मी इतकी हसले की कपातला चहा सांडला. "अगं, हृदयाला कधी खिडकी असते का? पेपरात काढून ठेवशील!" तीही हसली. मग हळूच म्हणाली, "आई, तुला हे शिकायला आवडायला लागलंय ना?" म्हटलं, हो गं, आवडतंय खरं. "बरंय," म्हणाली.

खिडकी काही फोडता येईना, तर तिनं सामानच हलवलं. सासूबाईंची खाट आमच्या खोलीत नेली, स्वयंपाकघराच्या दाराशी, सकाळचं ऊन येतं तिथे. सासूबाई खूश. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत जमिनीवर. परीक्षा जवळ आली असताना असले उद्योग! पण घर मोकळं वाटायला लागलं, हे नाकारता येत नाही.

४ मार्च

पेपर झाला. हृदयाची आकृती आली! डोळे मिटले, घरात शिरले. बाहेरची खोली, दार... आणि दारात सासूबाई नाहीत! शोधत शोधत पार आमच्या खोलीपर्यंत गेले, तर त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उन्हात बसलेल्या. आणि मी शहाणीनं त्रिदली झडप डावीकडे दाखवून मोकळी झाले. बाहेर आल्यावर ध्यानात आलं. खाट हलली म्हणून गुण गेला, असं जगात दुसऱ्या कोणाचं झालं नसेल.

लेक शेजारच्याच वर्गात होती. माझ्या खिडकीतून पाहिलं तर तासाभरात बाहेर येऊन पायरीवर बसलेली. हुशार मुलं लवकर सुटतात. मी मात्र घंटा होईपर्यंत खरडत होते. "कसा गेला गं?" विचारलं. "लवकर संपला," म्हणाली. घरी आल्यावर यांना कौतुकानं सांगितलं.

१९ एप्रिल

स्वप्नात टोकन वाटत होते. पहिलं टोकन डॉक्टरीणबाईंना दिलं आणि रांगेत उभं राहायला सांगितलं. तेवढंच समाधान.

३० मे

निकाल. मी पास. शंभरात छप्पन्न. नोकरी राहिली.

लेक नापास. बाकी विषयांत उत्तम, जीवशास्त्रात सात. जिनं मला शिकवलं तिला सात! हे खुर्चीत बसले ते उठेनात. ती म्हणाली, "बाबा, मी लिहिलंच नाही. मला नाही व्हायचं डॉक्टर. सांगायला जमलं नाही."



भिंतीवरचा कागद आज पहिल्यांदा नीट निरखून पाहिला. दार कुठल्या अंगाला उघडतं, ऊन कुठून येतं, ओल कुठे आहे, सगळं बारीक पेन्सिलीनं मोजूनमापून काढलेलं. कर्णिका, जवनिका ही नावं तेवढी माझ्या अक्षरात. खोडरबर घेतलं आणि ती पुसली. मग तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "ती खिडकी केवढी असायला हवी, नीट सांग मला."