कोकिळेला तार करायची नाही

भागोजी, चष्मा शोधू नकोस, तो तुझ्या कपाळावर आहे. खाली ओढ आणि वाच. हा कागद ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवला आहे, तरी तू तो उचलून बाजूला ठेवशील आणि खाली शोधत बसशील. म्हणून आधीच सांगते, हाच तो. गोदूला शेजारी बसव. तू वाचशील आणि विसरशील. तुझ्या बायकोच्या डोक्यात गोष्ट राहते.

मी, केसरबाई कोम गुणाजी नाखवा, वय सत्तरीच्या आसपास (तारीख कुणी लिहिली नाही, प्लेगाच्या साली मी रांगत होते असे आई सांगे), धंदा मासळी विकणे, राहणार थळ, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे व माणसांचे काय व्हावे ते या कागदाने ठरवून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, "आजीबाई, दम लागतो, तर बोलणं कमी करा." म्हणून सगळे एकदाच बोलून टाकते आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही. मला धमकावील असा माणूस या आळीत जन्मायचा आहे. अक्षर मला येत नाही. मी सांगते, दादू मास्तर लिहितात. मास्तर माझे बोलणे सरळ करून लिहितात. जिथे सरळ झालेले मला आवडले नाही, तिथे पुन्हा वाकडे करून घेतले आहे.

पहिले. राहते घर, परसातली विहीर, तांब्याचे हंडे आणि मोठा पाटा माझी सून गोदू हिला. मुलाला देत नाही, कारण घर कुठे ठेवले तेही तो विसरेल. गोदूने मला कधी उलट उत्तर दिले नाही. तोंड फिरवून पुटपुटली असेल. ते मला ऐकू येत होते आणि त्यातले बरेचसे बरोबर होते.

दुसरे. मचव्यातला माझा अर्धा हिस्सा माझा मुलगा भागोजी याला. उरलेला अर्धा माझा दीर धर्मा याचा आहे, त्याला कुणी हात लावू नये. भागोजीला हिस्सा एका अटीवर मिळेल. अट पुढे येते. उड्या मारून वाचू नकोस.

तिसरे. समुद्राकाठचे मासळी सुकवायचे माझे खळे. पश्चिमेस वाळू, उत्तरेस नीराबाईचे निवडुंगाचे कुंपण, जे दर पावसाळ्यात माझ्या बाजूला सरकते. हे खळे माझी नात कोकिळा हिला देते. ती तिथे बोंबील वाळत घालणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण या किनाऱ्यावर एक तुकडा तिच्या नावाचा असला, की तिला इथे कुणाची पाहुणी म्हणून यावे लागणार नाही.

कोकिळा माझ्या थोरल्याची, येसाजीची मुलगी. आईबाप एकाच तापात गेले आणि ती माझ्या पदराला लागली. तेव्हापासून प्रश्न विचारते आहे. जाळे कुजू नये म्हणून आम्ही झाडाची साल उकळतो आणि त्या तांबड्या पाण्यात जाळे बुडवतो. ही काठीने जाळे दाबता दाबता विचारायची, "आजी, सालीत असं काय हाय?" मी म्हणे, "देवानं ठेवलंय." तर म्हणायची, "काय ठेवलंय?" स्वातंत्र्य आले त्या साली ती अलिबागच्या हायस्कुलात होती. झेंडावंदनाचा लाडू घरी आणला, अर्धा मला दिला आणि अर्धा पाण्यात विरघळवून बघत बसली. तेव्हाच मी ओळखले, ही मुलगी मासळीची पाटी डोक्यावर घेणार नाही.

मुंबईला कॉलेजात गेली. परीक्षा झाल्या, तरी परत येईना. नीराबाईने आळीभर सांगितले, "केसरची नात साहेबांच्या बाटल्या धुते." मी बघायला गेले. खरेच धूत होती! अंगात पांढरा डगला, हातात काचेचे भांडे. मला म्हणाली, "आजी, भांडं स्वच्छ नसलं तर उत्तर खोटं येतं. माझी भांडी मी दुसऱ्याला धुवू देत नाही." त्या खोलीला असा वास होता, की जन्मभर मासळी विकलेली मी, मला बाहेर जाऊन उभे राहावे लागले. नीराबाई, हे तुला तोंडावर कधी सांगितले नव्हते, ते आता घे: बाटल्या ती धुवायची, पण त्यात काय शिजायचे ते तुझ्या सात पिढ्यांना कळणार नाही. माझ्याही नाही.

ती सालीच्याच मागे लागली होती. तांबड्या पाण्यातून एकेक पदार्थ वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, त्याचे खडे पाडायचे, आणि तो कसा जोडलेला आहे ते हुडकायचे. याला सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणतात. (मास्तर, नीट लिहा. हा शब्द तिने माझ्याकडून घोकून घेतला आहे.) बरीच वर्षे गेली. शेवटी जाळ्याच्या धाग्याला काय धरून बसते ते तिने दाखवून दिले, ती डॉक्टर झाली, आणि त्याच हंगामात मच्छीमार सोसायटीने नायलॉनची जाळी आणली, ज्यांना साल लागतच नाही. मी पोट धरून हसले. तीही हसली. म्हणाली, "जाळ्यासाठी नव्हतं गं. कळावं म्हणून होतं." डॉक्टर झाल्याचे ऐकून नीराबाई दुखरा गुडघा घेऊन आली. कोकिळेने तो चेपून दिला, एवढी ती चांगली आहे.

मग तिने भोताचे काम धरले. घोळ माशाच्या पोटात हवेची पांढरी पिशवी असते, तिला आम्ही भोत म्हणतो आणि वाळवून व्यापाऱ्याला विकतो. कोकिळा ती ताजीच बर्फात घालून न्यायला लागली. ते जवळजवळ सगळे एकाच प्रथिनाचे असते, आणि ते प्रथिन म्हणजे तीन पदरांची दोरी. हे मोठ्या लोकांनी आधीच शोधले होते. हिला पुढचे हवे होते: पदर सुटे केले तर पुन्हा आपोआप वळतात का, आणि वळताना एकमेकांना ओळखतात कसे? आता ती विलायतेत याच कामावर आहे. आपल्या अंगात बारीक अक्षरात लिहिलेले असते म्हणे, आणि ते वाचून अंग असले पदर तयार करते. मी पत्रात विचारले, "माझ्या अंगातसुद्धा?" तिने लिहिले, "तुझ्याही, आजी." म्हणजे मी जन्मभर वाचत होते आणि मास्तरांना उगाच ओळीमागे चहा पाजला.

तिचा लेख छापून आला तो तिने मला आणून दाखवला होता. मी नावावरून बोट फिरवले. आमच्या मचव्यावरसुद्धा नाखवा हे नाव इतके ठळक नाही.

चौथे. नीराबाईला माझी मासळीची पाटी आणि बाजारातली माझी जागा. तिची जागा कोपऱ्यात आहे, तिथे गिऱ्हाईक पोचत नाही. भांडण मी माझ्याबरोबर नेते. निवडुंग मात्र मागे घ्यावा.

पाचवे. ही ती अट. भागोजी, इथे चष्मा पूस.

तुझे वडील गेले तेव्हा कोकिळा मुंबईत होती. तिचे भोताचे काम ऐन मध्यावर होते. सुटे केलेले पदर बर्फात ठेवलेले, रोज बघावे लागत होते. तू तार केलीस, "ताबडतोब निघ." ती नेसत्या लुगड्यानिशी आली. बाराव्यापर्यंत तुम्ही तिला हलू दिले नाही, आणि त्यात एक स्थळही दाखवून घेतलेत, कस्टममधला कारकून, ज्याने तिला स्वयंपाक येतो का विचारले आणि तिने त्याला साखरेची रचना सांगितली. ती परत गेली तोवर बर्फ सांभाळणारे कुणी नव्हते. पुढच्या खेपेला आली, तर चेहरा उतरलेला.

"काय गं?"

"नासलं, आजी."

"काय नासलं?"

"वर्ष."

घोळीचा हंगाम सरला होता, नवी भोते मिळेनात. मिळाली तोवर तेच काम दुसऱ्या देशात कुणीतरी करून छापले. तिने तुला दोष दिला नाही. मी दिला. तू म्हणालास, "आये, मयताला न्हाय बोलवायची, तर कवा बोलवायची?"

मी विचारले, "तुझी आजी गेली तेव्हा तू कुठं होतास?"

"दर्यात."

"सांगाया होडी धाडली व्हती?"

"न्हाय. वाळूला पाय लागल्यावर सांगितलं."

"का?"

"जाळं पाण्यात असलं की सांगत न्हायत. रीत हाय."

"मग पोरीचं जाळं कुठं व्हतं?"

तू म्हणालास, "त्यो पोटाचा धंदा. ह्यो काय धंदा हाय?" त्यावर मी तुला जे बोलले ते मास्तर लिहायला तयार नाहीत.

आपल्या आळीत दर्यावर गेलेल्याला घरचे मरण दर्यात सांगत नाहीत. हात थरथरला तर जाळे जाते, माणूसही जातो. जाळे उचलायचे, मासळी उतरवायची, मग सांगायचे. हीच रीत मी कोकिळेला लावते. तिचे जाळे पाण्यात आहे. शिमग्याच्या सुमारास काम पुरे होईल असे तिने लिहिले आहे. माझी छाती तोवर थांबेल असे दिसत नाही. तर मी गेले की कोकिळेला तार करायची नाही, पत्र लिहायचे नाही, कुणाकडून निरोप धाडायचा नाही. काम संपल्याचे तिचे स्वतःचे पत्र येईल, तेव्हाच सांगायचे. क्रियाकर्म भागोजीने करावे. मधल्या काळात तिने माझी विचारपूस केली, तर "आजी बरी आहे" असे खोटे लिहू नये. लिहावे: "आजीने सांगितले आहे, काम पुरे कर." ते खरे आहे. मी सांगितले आहे.

ही अट भागोजीने मोडली, तर मचव्यातला माझा हिस्सा नीराबाईला जाईल. भागोजी, आता विसरून दाखव.

कोकिळे, हे तू सगळ्यांच्या शेवटी वाचशील आणि रागावशील. मला का विचारले नाही, म्हणशील. विचारले असते तर तू पहिल्या विमानाने आली असतीस. तुझ्या काकाशी भांडू नकोस, त्याला मी बांधून घातले आहे. शिव्या मला दे. पण आधी मला सांग, ते पदर एकमेकांना ओळखतात कसे. मोठ्याने सांग. मला नुसते बघून वाचता येत नाही.

हे सर्व मला वाचून दाखवले, दोनदा, कारण पहिल्यांदा मास्तर घाईत होते. बरोबर आहे.

केसरबाई कोम गुणाजी नाखवा
डाव्या हाताचा अंगठा

लिहिणार : दादू मास्तर, थळ

साक्षीदार :
१. धर्मा, माझा दीर, अंगठा
२. विठोबा, तार ऑफिसातला, सही (याला मुद्दाम घेतला आहे, तार जाणार ती याच्याच हातून)

नीराबाईही साक्षीला आली होती. जिला काही मिळायचे आहे तिची साक्ष चालत नाही, असे मास्तर म्हणाले, म्हणून ती ओट्यावर बसून ऐकते आहे.

मुक्काम थळ, दिनांक ९ नोव्हेंबर १९६४

एक राहिले. सह्यांखाली लिहिलेले चालत नाही म्हणतात. पुन्हा अंगठे घ्या.

मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे जेवण आणतात. ज्या दिवशी कोकिळेला कळेल त्या दिवशी तिच्या दाराशी ताट घेऊन कोण येणार? तिकडे शेजारीण कोण, मला माहीत नाही. म्हणून बातमीचे पत्र एकटे धाडू नका. आपल्या आळीतला हिरामण विलायतेच्या बोटीवर खलाशी आहे, त्याच्या हाती द्या, आणि बरोबर डबा द्या. कुळथाचे पीठ गोदूने भाजून, आपल्या जात्यावर दळून द्यावे. उकडा तांदूळ, आमसुले, लाल मिरची. पिठले-भात कसा करायचा ते तिला येते, पण त्या दिवशी हिरामणने करून वाढावा आणि ती जेवेपर्यंत उठू नये. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी वेगळी बांधा; सुतकात मासळी चालत नाही, ती बाराव्या दिवसानंतर उघडायची. लसूण भरपूर द्या.