बाबांनी उसवलेली गादी

प्रिय धाकट्या,

घरी सगळं ठीक आहे. बाबांनी उशी चपटी केल्यापासून आईची मान दुखायची थांबली. माझी लेक मात्र बाबांनी शिवलेल्या जुन्या सुती दुपट्यातच झोपते. मी हौसेने आणलेली गुबगुबीत रजई तिने लाथाडून दिली. बाबांना तेवढंच निमित्त. "अंथरूण-पांघरूण माणूस बघून घ्यायचं, दुकान बघून नाही." हे ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो.

पण त्यांच्या स्वतःच्या गादीचं काय सांगू. कापूस बसून मधोमध खड्डा पडला होता आणि कंबर धरलेली, त्यामुळे ती उकलून पुन्हा भरणं त्यांच्याने होईना. डॉक्टरीणबाईंनी कडक गादी सांगितली. दुकानात नेलं तर फोमवर बसले ते इतके रुतले, की मला हात देऊन उठवावं लागलं, आणि स्प्रिंगवर बसून म्हणाले, "हिच्यावर झोपायचं की उड्या मारायच्या?" शेवटी मी गुपचूप तुझ्या कारखान्यातून गादी मागवली, मैत्रिणीच्या नावावर. बाबांचं हाताने गाद्या भरायचं काम सोडून तू मशीनवर गाद्या करायला लागल्यापासून तुमचं दोघांचं बोलणं हवापाण्यापुढे गेलेलं नाही, म्हणून तुम्हा दोघांनाही सांगितलं नाही.

बाबा तिच्यावर झोपायला लागले. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर गादीचा कोपरा उसवलेला आणि बाबांचा हात कोपरापर्यंत आत. थर चाचपत स्वतःशीच बोलत होते, "खाली काथ्या, तो भार धरतो. मध्ये रबर, ते अंग सांभाळतं. वर कापूस, तो घाम पितो. करणाऱ्याला झोपणारा माणूस कळतो." मी धीर करून म्हटलं, बाबा, ही धाकट्याने केलीय. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माहितीये. लेबल वाचता येतं मला."

कोपरा त्यांनी स्वतःच्या हाताने शिवला. आता घरी येणाऱ्या कुणाची सुटका नाही. शेजारच्या काकूंना चपला काढायला लावून आडवं केलं, त्या बिचाऱ्या पदर सावरत छताकडे बघत पडल्या आणि बाबा डोक्याशी उभे राहून सांगतायत, "आमच्या मुलाच्या कारखान्यातली आहे."

हे तुला ते सांगणार नाहीत. मला त्यांनी एवढंच लिहायला सांगितलंय, की तुमच्या गाद्यांच्या कोपऱ्यांना एकेरी टाका असतो, पुढे उसवेल. दुहेरी कसा घालायचा ते येऊन दाखवतो. रविवारचं तिकीट काढलंय. एक टाका दाखवायला जाणारा माणूस ठेवणीतला सदरा इस्त्रीला टाकत नाही, हे तुला कळेलच. स्टेशनवर तू स्वतः जा. टाका शिकून घे, पण आधी कारखाना सगळा फिरवून दाखव, आणि तिथल्या माणसांना हे माझे वडील म्हणून सांग. त्यासाठीच येतायत ते.

तुझीच,
ताई