डब्याजवळची खाट

भिंगरे,

आशीर्वाद मागाहून देते, आधी आजीचं पाप ऐक.

तू तिकडे उत्तरेला आभाळातल्या हिरव्या उजेडाचा अभ्यास करतेस आणि इथे माझ्या अंगणात डबा पुरून गेलीस. तो पृथ्वीचं चुंबक मोजतो आणि तुझ्या पडद्यावर त्याची रेघ काढतो, जवळ लोखंड आलं की रेघ खोटीच उडते, म्हणून त्याच्याजवळ लोखंड न्यायचं नाही, असं दहादा बजावलंस. मंगळवारी गाद्यांना ऊन दाखवायला मी लोखंडी खाट ओढत नेली आणि नेमकी डब्याच्या उशाशी टेकवली. ऊन तिथेच पडतं, त्याला मी काय करू?

संध्याकाळी तुझा फोन आला. "आजी, सूर्यावरून वादळ आलंय. इथलं आभाळ हिरवंगार झालंय आणि आपल्या डब्याची रेघसुद्धा उडाली. जवळ लोखंड नव्हतं ना आलं?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हटलं.

नोकरी टिकते की जाते या काळजीत तुझा आवाज दोन वर्षं रडवेलाच ऐकला. त्या दिवशी तू हसलीस आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. एरवी ती कुणाचं ऐकते?

उद्या तू भरल्या सभेत तीच रेघ दाखवणार. तुझ्या कामावरच्या मोठ्या बाई पाठ थोपटतील आणि मग कुणीतरी हुशार माणूस ती खोडून काढेल. तोंडावर पडशील तू आणि ढकलणारी मी असेन.

पत्र पोचेपर्यंत सभा उलटून जाईल, म्हणून हे टाकत नाही. फोनवर अडखळू नये म्हणून आधी लिहून पाहिलं. आता फोन लावते. रागावून आपटलास तर पुन्हा लावीन.

तुझी,
खाटवाली आजी