दारावरचा दिवा वाढव

समता कॉलनी, रायपूर
१६ सप्टेंबर २०२५

ती. सुनीतीताईस,
दिवाकरचा सा. न. वि. वि.

काल अविधवा नवमी झाली. लताच्या नावानं शेजारच्या मिश्रा भाभींना सवाष्ण म्हणून जेवू घातलं. आमसुलाची चटणी त्यांनी इमलीची समजून खाल्ली अन् दोनदा मागून घेतली. लता असती तर पोट धरून हसली असती. मागच्या वर्षी पाहुण्यांच्या गर्दीत काही कळलं नाही. यंदा घर खायले उठलं, ताई.

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी "आलो, आलो" म्हटलं तर तू मले आलूच्या भाजीची कृती सांगत बसली. तुझं ते कानातलं यंत्र फोन लावला की शिट्टी मारते. म्हणून आपलं पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. आपला डबा आठवते न? रिटायर झालो तेव्हा वर्कशॉपात बनवून घेतला होता, बोलेरोच्या मागं जोडून मी अन् लता हिंडायचो. लोक त्याले कॅम्पर ट्रेलर म्हणतात. लता रेल्वेवाल्याची बायको, तिनं नाव ठेवलं डबा. ती गेल्यापासून अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे. दुर्गचे एक गृहस्थ मागून राहिले. अभिनव म्हणते, पापा, दे दो, खड़े-खड़े सड़ रहा है. पोट्ट्याचं चूक नाही. मी म्हटलं, दिवाळीनंतर सांगतो.

पण द्यायच्या आधी एक खेप मारायची आहे. गंगरेल धरणाच्या काठी, आपण तिघं गेलतो तिथंच. भाऊबीजेले तू ये, आपण दोघं जाऊ. एकट्यानं मले त्या डब्यात बसवत नाही. दोनदा दार उघडलं अन् तसंच लावून घेतलं. तू आली तर जाईन, नाही तर तसाच देऊन टाकीन.

दिवे सारे बदलावे लागतात. मागच्या लाल दिव्यांत पाणी शिरलं, आतले बल्ब काळे पडले. पितृपक्षात घ्यायचं नाही म्हणून तेलीबांध्याच्या दुकानात नुसता पाहायले गेलतो. दुकानदारानं विचारलं, अंकल, एलईडी वॉर्म दूं या कूल? जन्मभर मी रेल्वेच्या डब्यांतल्या दिव्यांचं काम केलं, अन् मले उत्तर देता आलं नाही. घरात उजेड कसा पाहिजे हे लता ठरवायची, मी नुसता स्टुलावर चढायचो. सोचके बताता हूं म्हटलं अन् परत आलो. तूच सांग, पिवळा की पांढरा?

येशील न? हो लिही, म्हणजे लोभ अजून आहे असं समजीन.

तुझा,
दिवाकर


वर्धा
२४ सप्टेंबर २०२५

चि. दिवाकर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

घरी घट बसले आहेत, त्या धांदलीत लिहून राहिले, अक्षर सांभाळून घे.

पिवळा, अजून काय बाप्पा! पांढऱ्या उजेडात माणूस जेवायले बसला की डॉक्टरकडं तपासायले आल्यासारखा दिसते. लताचं तोंड पिवळ्या उजेडात कसं साजरं दिसायचं, आठव. पलंगाच्या डोक्याशी लहानसा दिवा लाव, पोथी वाचण्यापुरता. ओट्यावर जरा मोठा पाहिजे, डोळ्याच्या ऑपरेशनपासून मले मोहरी कोणती अन् खसखस कोणती कळत नाही. अन् दारावरचा दिवा मात्र वाढव. मागच्या खेपेले गंगरेलचे सारे किडे त्याच्यावर जमले अन् माझ्या वरणात पडले. लता म्हणे, ताई, फोडणी समजून खाऊन घ्या!

हे पाहा, मी येणार असल्यासारखी लिहून राहिले. माझ्यानं येणं होत नाही रे. पराग म्हणते, आई, गुडघे पाहा आधी. पण गुडघ्याचं निमित्त आहे, तुझ्यापाशी काय लपवू? रायपूरच्या स्टेशनवर लता पुढं यायची, माझ्या हातची पिशवी ओढून घ्यायची अन् घरी पोचेपर्यंत मले बोलू द्यायची नाही. त्या स्टेशनवर ती नाही हे मले पाहवणार नाही. तू बोलावशील म्हणून मी दोन वर्षं भीतच होते. भाऊबीजेले चंद्राले ओवाळते अन् तोच दिवाकर म्हणून हात जोडते, यंदाही तेच करीन.

डबा द्यायचा तर देऊन टाक. वस्तूत जीव किती अडकवायचा? माझ्यावर रागावू नको, लोभात कमी करू नको.

तुझी,
ताई


समता कॉलनी, रायपूर
६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तापानं पडून होतो. नवरात्रात दिवे घेऊन टाकू म्हणून तुझं पत्रच अभिनवच्या हाती दिलं. म्हटलं, आत्यानं लिहिलं तसं सारं घेऊन ये. त्याले मराठी वाचता येते, बोलायचं म्हटलं की जीभ हिंदीत जाते, तुले माहीतच आहे.

आणलं बरोबर. पलंगाशी लहान पिवळा, ओट्यावर मोठा पिवळा, मागं पाणी न शिरणारे लाल. इंडिकेटर तेवढे लावल्या-लावल्या पटपट मिचकायले लागले. एलईडी वीज इतकी कमी खाते की दिवे मिचकावणाऱ्या जुन्या फ्लॅशरले वाटते, बल्ब गेला. फ्लॅशर बदलला तेव्हा ठिकाणावर आले. पण दारावर त्यानं काय लावलं असेल? जेसीबीवर असते न तसला हा एवढा दिवा! संध्याकाळी बटण दाबलं तर समोरच्या तीन घरांच्या भिंती उजळल्या. साऱ्या समता कॉलनीचे किडे आमच्या अंगणात. मिश्रा भाभी गेटवर येऊन विचारून राहिल्या, भाईसाहब, आज क्या कार्यक्रम है?

मी ओरडलो, काहून रे, हे काय करून ठेवलं? तर त्यानं तुझं पत्र काढून बोट ठेवलं. दारावरचा दिवा वाढव. पापा, बुआ ने खुद लिखा है, बढ़ाओ!

ताई, मी किती दिवसांनी हसलो असेन! मंग त्याले समजावलं, आपल्यात दिवा विझव म्हणत नाहीत, अशुभ असते, वाढव म्हणतात. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. तर म्हणे, पापा, मम्मी रोज बोलती थी, दिवा वाढवा हो, और आप उठके बंद कर देते थे. मुझे बचपन से लगता था आप मम्मी की कोई बात मानते ही नहीं.

पाहा आता! इतकी वर्षं पोट्टा हे मनात घेऊन होता.

माझं हसू तिथंच राहिलं. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी पण लता हेच म्हणाली, दिवा वाढवा हो. गंगरेलच्या डब्यातच आहे असं वाटलं असेल तिले. मी उशाचा दिवा बंद केला, ती झोपली, अन् उठलीच नाही. त्यानंतर या घरात तो शब्द कोणी म्हटला नाही. तुझ्या पत्रातच तो पुन्हा वाचला. दिवे सारे लागले, ताई, उजेडही तू म्हटला तसाच साजरा पडते. लावायले हात होते, बंद करायले होत नाही. म्हणणारी नाही न. शेवटी रोज अभिनवच येऊन बटण दाबते.

तू येत नाही तर गंगरेलही नाही. दुर्गच्याले दिवाळी झाली की हो म्हणतो. माझं सारं रडगाणंच झालं, तरी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
दिवाकर

बुआ, प्रणाम. लाइट मेरी गलती से बड़ी आ गई, दुकानवाला वापस नहीं ले रहा. पापा डब्याच्या पायरीवर बसून राहते, आत जात नाही. तुम्ही या न. मराठी चुकली तर माफ करा. अभिनव


वर्धा
१३ ऑक्टोबर २०२५

चि. दिवाकर व चि. अभिनव यांस,
अनेक आशीर्वाद.

काहून रे रडवता म्हातारीले दोघं मिळून? पत्र वाचलं अन् डोळ्याचे थेंब टाकायचे राहिले, आपोआपच वाहून राहिलं सारं. परागले वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

त्याले म्हटलं, तिकीट काढ. तो गुडघ्याचं बोलायले लागला तेव्हा मी यंत्रच काढून ठेवलं कानातलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोचते. पिशवी अभिनवनं घ्यायची, अन् घरापर्यंत मले बोलू द्यायचं नाही. बडबड हिंदीत केली तरी चालेल. लता तिथं दिसणार नाही, मले माहीत आहे. रडायचं तिथंच रडून घेईन, तू घाबरू नको.

तो दारावरचा मोठा दिवा काढू नको. मले आजकाल दूरचं नीट दिसत नाही. रिक्षा वळली की तुझं घर मले कळलं पाहिजे. किडे आले तर आले, वरण झाकून ठेवू. दुर्गच्या गृहस्थाले आता काहीच सांगू नको. आधी गंगरेल.

तिथं जेवणं झाली, भांडी झाली, पोथीचं पान झालं की मी म्हणीन, दिवा वाढव रे दिवाकर. लतासारखं लाघवी नाही जमणार, वर्ध्याचा खरखरीत आवाज आहे. पण म्हणीन, अन् तू उठून वाढवशील. मी काही जन्माले पुरणार नाही, म्हणून अभिनवले पण म्हणायले शिकवून जाईन. त्या घरातून तो शब्द जाऊ द्यायचा नाही.

मी येईपर्यंत दारावरचा दिवा वाढवायचा नाही.

लोभ आहेच. तो मात्र वाढव, अभिनवच्या अर्थानं.

तुझी,
ताई